गोवर्धनभाऊनं नातीचा हात बांधला नाही

आमच्या अंजनगाव सुर्जीत हाड मोडत नाही. माणूस झाडावरून पडो, गाडीवरून पडो की बैलानं शिंगावर घेऊन फेको, हाडवैद्य गोवर्धनभाऊ आहे तोवर मोडायची त्याची हिंमत नाही. भाऊ कोपर दाबतो, पेशंट 'माय वो' करून किंचाळतो, आणि भाऊ निकाल देतो. निकाल तीनच: नस चढली, गोटी सरकली, हाड हललं.

इलाज मात्र तिन्हीला एकच. तेल लावून खसाखसा मालिश, मग हात धरून जोरात ओढायचा, वर अंड्याचा पांढरा नि चुना फासायचा आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी अशी आवळायची की बोटं टम्म फुगली पाहिजेत. "सूज खाली उतरून राहिली," म्हणतो. हे सगळं ओट्यावर, चारचौघांत. हाड बसल्याचा 'कट' आवाज ऐकायला लोक दुरून येतात. बरा झाला तर भाऊचा हातगुण. हात वाकडा राहिला तर पेशंटनं पथ्य मोडलं, वांगं खाल्लं. आता वऱ्हाडात वांगं न खाणारा माणूस मला दाखवा, त्याला माझ्या गाडीतून जन्मभर फुकट फिरवीन! पण हात वाकडा राहिलेले लोकही इमानदारीनं वांग्यालाच शिव्या देतात. असे आमचे लोक. काय बोलावं?

मी ललित, भाऊचा शेजारी. सवारीची गाडी चालवतो.

गेल्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, भाऊची नात आचल अंगणातल्या झोक्यावरून पडली. सात वर्षांची पोट्टी. कोपराच्या वर हात असा वाकला होता की मला बघवेना. तिची आई सीमा, भाऊची सून, तिला घेऊन ओट्यावर बसली, आणि बाजाराला आलेली अर्धी माणसं पिशव्या घेऊन तिथंच गोळा झाली. भाऊ स्वतःच्या नातीचा हात बसवणार म्हटल्यावर कोण हलतं?

भाऊनं तेलाची वाटी घेतली, पोरीचा हात हातात घेतला, आणि तो थांबला. बोटं पांढरी पडली होती. त्यानं बोटं चाचपली, मनगटावर नाडी शोधली, पुन्हा शोधली. मी बाजूलाच उभा होतो. भाऊच्या कपाळावरून घाम गळत होता.

"मामाजी, बांधा ना लवकर," सीमा रडत म्हणाली.

"हो भाऊ, होऊन जाऊ द्या!" मागून कोणीतरी ओरडलं.

बांधला तर पोरीचा हात जातो. नाही बांधला तर एवढ्या वर्षांचं नाव जातं. आणि भाऊला हे कळत होतं! माझं डोकं तिथंच तापलं. आवळलेल्या पट्टीनं हाताचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

भाऊनं वाटी खाली ठेवली नि हात वर केला. "रक्ताच्या नात्यावर हात चालवला त गुरूची विद्या उतरते. नेम हाय तो. आमाले पाळाच लागते."

असा कुठलाही नेम त्या दुपारपर्यंत जगात नव्हता. पण लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा तर म्हणाला, "खरं हाय, माहा आजा बी असंच सांगे." घ्या!

"ललित, गाडी काढ," भाऊ म्हणाला.

"अमरावतीले?"

"नाई रे बाबा. तिथी राजापेठेत अर्धं अंजनगाव फिरून राहते. अकोल्याले चाल."

तेवढ्यात आचलचा बाप, भाऊचा एकुलता एक मुलगा कुलदीप, शेतातून धावत आला आणि गाडीत बसला. कुलदीपचा उजवा हात कोपरात कायम वाकलेला आहे, बोटं आखडलेली आहेत. लहानपणी बैलबंडीवरून पडला होता. घास डाव्या हातानं खातो. दर्यापूर मागं पडलं. मग कुलदीप म्हणाला, "बाबा, मंग माह्या टायमाले हा नेम कुठी गेला होता?"

"ललित, गाडी जरा दाब," भाऊ म्हणाला.

अकोल्याच्या दवाखान्यात प्रियदर्शनी मॅडम म्हणून तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरून समजावलं. "लहान मुलांच्या या फ्रॅक्चरचे तीन प्रकार असतात. पहिल्यात हाडाला नुसती चीर. दुसऱ्यात हाड कलतं, पण मागून धरून असतं. तिसऱ्यात पार सुटतं. हिचं तिसरं आहे, आणि हाडाचं टोक रक्तवाहिनीवर दाबतंय."

"आमच्याकडं बी तीनच हायेत," भाऊ पुटपुटला. मी त्याला कोपरखळी मारून गप्प केलं.

पोरीला आत नेलं. भूल देऊन हाड बसवलं, दोन बारीक तारा घातल्या. आम्ही बाहेर. भाऊ बाकड्यावर बसेना, उभा राहीना. सीमा सारखी दाराकडं बघत होती. शेवटी मॅडम बाहेर आली नि म्हणाली, "बोटं गरम झाली, नाडी छान लागतेय. हात वाचला."

सीमा हुंदके देऊन रडली. खरं सांगतो, माझेही डोळे भरले.

"नशीब कोणी आवळून बांधलं नाही," मॅडम म्हणाली. "नाहीतर हात कायमचा गेला असता. या गावठी हाडवैद्यांना तर..."

"जेलात टाकाले पाहिजे, मॅडम," भाऊ पटकन म्हणाला.

बेशरमपणाची हद्द! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमची नजर कुलदीपच्या हातावर गेली. तिनं तो हातात घेतला, आखडलेली बोटं सरळ करून पाहिली. ती होईनात.

"हा असाच बांधलेला दिसतो. कोणी बांधला होता?"

कुलदीपनं मान खाली घातली. बापाची लाज त्याला अजून राखायची होती.

भाऊनं त्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्याच. म्याच बांधला, मॅडम."

भाऊ पुढं झाला. शेकडो लोकांची कोपरं दाबून किंकाळ्या काढणाऱ्या माणसानं लेकाच्या कोपरावर नुसता तळवा ठेवला.

"दुखते का रे अजून?"

"थंडीत दुखते, बाबा," कुलदीप म्हणाला.