थाई हॉटेलात मुलगा बघायला

परक्या देशाची संस्कृती समजून घ्यायची असेल, तर तिच्या पंगतीला बसावं लागतं. आम्ही ज्या थायलंडच्या पंगतीला बसलो, तो पुण्यात कोरेगाव पार्कात होता, आणि त्याच्या संस्कृतीशी आमचं काही काम नव्हतं. आम्हाला मुलगा बघायचा होता.

आम्ही म्हणजे वडगाव रासाईचे आबा आणि मी, शिरूरच्या हायस्कुलातून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. आबांची धाकटी शोभा माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत शिकवते. तिला वरवंडचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सोपान पुण्यात ‘फॉरेनच्या हॉटेलात मोठ्या पोस्टवर’ आहे, असं मुलाच्या मामांचं म्हणणं. आबांनी वरवंडला जाऊन घर बघितलं, चहा घेतला आणि उठले. आमच्याकडे मुलीकडच्यांनी नक्की होईपर्यंत चहाच घ्यायचा असतो. ताटावर बसलं, की मुलगी दिली.

“आता पोरगं कामावर बघू,” आबा म्हणाले. “मेंढा घ्यायचा तर आमचं वडील चरताना बघायचं. आंगुळ घालून उभा केलेला न्हाई.”

मार्चातल्या एका रविवारी न कळवताच निघालो. वडापने (खासगी जीपने) भीमा ओलांडून केडगाव, तिथून दौंडहून येणारी पुणे पॅसेंजर. एक एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून गाडी मांजरीला तासभर उभी राहिली. पुढे रिक्षावाल्याने पत्ता शोधण्याच्या निमित्ताने आम्हाला सगळा कोरेगाव पार्क दाखवला. आबांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

हॉटेलच्या मधोमध चक्क एक हातगाडी होती. ‘बँकॉकच्या फुटपाथवरचं खाणं’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी. रस्त्यावरची गाडी आत आणायची, वर एसी लावायचा, बसायला मात्र पत्र्याची स्टुलं ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला गरिबीचा आनंद निवांत घेता येतो.

“सर, अतिक्रमणवाले आत न्हाई येत व्हय?” आबांनी विचारलं.

गाडीमागे पांढऱ्या टोपीत सोपान होता. फोटोवरून लगेच ओळखला. लाकडी उखळात तो मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे कुटत होता. मोठी पोस्ट ती हीच. आबांनी फेटा नीट केला. उठायच्या आधी ते तसंच करतात.

तो फेटा बघूनच सोपान हात पुसत बाहेर आला.

“कुठलं गाव, आबा?”

“वडगाव रासाई.”

त्याने टोपी काढली. “मी सोपान. मामांनी वाढवून सांगितलंय, आबा. म्यानेजर न्हाई, कुक हाय मी.”

“ते दिसतंय की. आमी चहाच घेणार.”

चहा आला तो केशरी रंगाचा, उंच ग्लासात, बर्फ घातलेला. आबांनी सवयीने त्यावर फुंकर मारली.

मागोमाग दोन वाट्या तोम यम (आंबट-तिखट सूप) आलं. वास पोटात जाईल असा होता.

“सूप पिण्यात मोडतं का, सर?”

“मोडतं.”

“ह्यो तर आपला गवती चहा!” घोट घेऊन आबा म्हणाले. “आमच्या मोरीपाशी माजलाय नुसता.”

मग सोम तम (कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर) आली.

“ही पपई तर आमी शेरडांना घालतो.”

“मग हे जेवण नव्हे,” मी निकाल दिला. आबांनी बशी रिकामी केली.

शेवटी सोपान स्वतः एक प्लेट घेऊन आला. पण ती टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली.

“आबा, आतापत्तुर मी काय बोललो न्हाई. पन ह्या भाताच्या शेवया हायेत, वर अंडं. हे जेवण हाय. तुमी उपाशी दिसताय म्हणून आनलं. खाल्लंत तरी मी वरवंडला कळवणार न्हाई. तुमच्यावर बंधन न्हाई.”

आबा त्याच्या हातांकडे बघत राहिले. मनगटावर तेलाचे जुने चटके होते.

“भाकरी येती का थापायला?”

“येती. आई आजारी व्हती तवा मीच करायचो.”

“फुगती का?”

“तव्यावर अवलंबून हाय.”

“ठेव मग,” आबा म्हणाले, आणि जेवले. काटा बाजूला ठेवून, हाताने, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत.

परतीच्या गाडीत आबांना उरुळीपर्यंत डुलकी लागली. मी मात्र विचारात पडलो होतो. सोपान खरोखरच मॅनेजर निघाला असता, तर त्याने आम्हाला मेनूकार्ड दिलं असतं आणि आबा चहावरच उठले असते. फुगवलेली पोस्ट त्याने स्वतःच उतरवली, म्हणून त्याचं काम बघायला आम्ही थांबलो.

“जेवलो,” आबांनी दारातूनच घरात सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. शोभाच्या आईने देवापुढे साखर ठेवली.

शोभा वह्या तपासत होती. तिने मान वर केली. “तुम्ही जेवलात, आबा. मी कुठं जेवले?”

आबांनी निकालासाठी माझ्याकडे बघितलं. सूप आणि पपईच्या पलीकडे माझा अधिकार चालत नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही तिला घेऊन गेलो. पहिलाच घास तिला आवडला नाही, तिने प्लेट बाजूला सारली, आणि हातगाडीपाशी उभी राहून तासभर सोपानशी बोलली. निघताना आबांना म्हणाली, “आता मीही जेवले.”

लग्न वैशाखात झालं. पंगतीला बुंदी होती.