ग्राहकांना आग्रहाचे निमंत्रण

पुढील किस्से मी २००७च्या नोव्हेंबरमध्ये, एर्लांगेनहून न्युरेम्बर्गला जाणाऱ्या गाडीत, माझा मित्र मिलिंद कर्वे याच्याकडून ऐकले. तो मापनयंत्रे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत इंजिनिअर होता. मी विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी. एका निमंत्रणपत्रिकेतून किती किस्से निघू शकतात, याची मला कल्पना नव्हती. न्युरेम्बर्ग आले तरी ते संपले नाहीत. उरलेले फलाटावर उभे राहून ऐकावे लागले.

कंपनीने जुन्या ग्राहकांचे आभार मानण्यासाठी एक संध्याकाळ ठरवली होती. मिलिंदची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, तेव्हाच संपत होती. त्याला कायम करायचे की नाही, हे साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) बाउअर, समारंभानंतर ठरवणार होते. पत्रिकेचे काम त्यांनी त्यालाच दिले. "तुमच्या लग्नाला पाचशे माणसे होती म्हणालात ना? मग तुम्हाला अनुभव आहे."

मिलिंदने लग्नपत्रिकेच्या नमुन्यावर जर्मन मजकूर रचला. सेक्रेटरी फ्राउ लिंडनर यांनी त्यातले स्वल्पविराम काळजीपूर्वक सुधारले. आशयाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तो त्यांचा विभाग नव्हता.

*

तळाशी त्याने सवयीने लिहिले होते: कृपया भेटवस्तू आणू नयेत.

लगेच एका ग्राहक कंपनीच्या कायदा विभागाचा फोन आला. आजवर आमच्यापैकी कोणी भेटवस्तू दिल्या आहेत काय, अशी विचारणा झाली. कोणीही नाही, असे मिलिंदने ठामपणे सांगितले.

"मग बंदी आताच का?"

*

'सहकुटुंब सहपरिवार' याचेही त्याने भाषांतर केले होते. येना येथील भिंगांच्या एका व्यापाऱ्याने नम्रपणे विचारले की, कुटुंबात घटस्फोटित पत्नी धरावी काय. मिलिंदने फ्राउ लिंडनर यांचा सल्ला घेतला.

"तिचा नवा नवरा आपला ग्राहक आहे का?"

तो होता.

*

एका वृद्ध ग्राहकाने येणे जमणार नाही असे कळवले. आपल्याकडे पहिला नकार कोणी नकार धरत नाही. मिलिंदने आग्रहाचा फोन केला, पुन्हा केला, आणि आपण न आल्यास आम्हाला फार वाईट वाटेल, असे सांगण्यासाठी आणखी एकदा केला.

गृहस्थांनी आवाज खाली आणला. "खरे सांगा. आमच्या यंत्रात काही दोष निघाला आहे का?"

ते आले. यंत्र घेऊन आले.

*

समारंभ जवळ आला तेव्हा पुण्याहून आईचा फोन आला. "अरे, पहिली पत्रिका गणपतीला ठेवलीस का?"

ठेवली नव्हती, आणि प्रश्न नोकरीचा होता. मिलिंदने एका पाकिटावर 'श्री गणपती, पुणे' असे रोमन लिपीत लिहिले आणि संध्याकाळी घरी नेण्यासाठी टेबलावर ठेवले. तेवढ्यात ते फ्राउ लिंडनर यांनी पाहिले.

समारंभात हेर बाउअर यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. समोर नावाची पाटी: 'हेर गणपती, पुणे'.

"हे कोण?" साहेबांनी विचारले.

"आमच्याकडे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी यांना बोलावतात."

"सल्लागार?"

"हो," मिलिंद म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

"उशीर झालेला दिसतो. त्यांचा केक ठेवून द्या."

मग साहेब भाषणाला गेले आणि सगळे पाहुणे पेले घेऊन दालनाच्या दुसऱ्या टोकाला जमले. परत आले तेव्हा त्या खुर्चीसमोरची बशी रिकामी होती. काटा नीट आडवा ठेवलेला.

हेर बाउअर यांनी बशीकडे पाहिले, मग मिलिंदकडे. "सोमवारी या. करार तयार असेल."

करार मी स्वतः पाहिला आहे. खुर्चीबद्दल फ्राउ लिंडनर यांनीही दुजोरा दिला. केकबद्दल मात्र मी त्या संध्याकाळी हजर असलेल्या अनेकांना विचारले. तो कोणी खाल्ला, याची खातरजमा मला कधीच करता आली नाही.