आणि साथीदार

बाबांचं नाव कुठल्याच कॅसेटवर नाही. त्यांच्या शाहिरी पार्टीच्या कॅसेट आमच्या शोकेसच्या खालच्या खणात अजून आहेत. वाजवायला यंत्र नाही, पण आई टाकू देत नाही. प्रत्येकीवर फेटा बांधलेल्या शाहिराचा फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत शाहिराचं नाव, आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आणि साथीदार’. बाबा त्या साथीदारांतले एक. लहानपणी मी शाळेत सांगायची, माझ्या बाबांची कॅसेट आलीय. पोरी विचारायच्या, नाव कुठाय? मी ‘आणि साथीदार’वर बोट ठेवायची. पोरी फिदीफिदी हसायच्या. तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि घालवायची मला काही घाईही नाही.

म्हणून आमच्या बँडचा पहिला अल्बम करायचं ठरलं तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. या अल्बमवर बाबांचं नाव येणार. कसं ते माहीत नव्हतं, पण येणार.

बाबा झीलकरी होते. शाहिराने ओळ टाकली की मागे उभ्या असलेल्यांनी ती उचलायची आणि शेवटचा सूर ताणून धरायचा, शाहीर दम घेऊन पुढच्या ओळीवर येईपर्यंत. ती झील. बाबांच्या पार्टीत चार झीलकरी होते, चौघंही वरळीच्या बीडीडी चाळीतले, दिवसा नोकरी आणि जयंतीच्या दिवसांत रोज कार्यक्रम. शाहिराला हार, शाहिराला शाल, आणि या चौघांना वडापाव. बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मला वाटायचं, आणि फार वाटायचं.

आता आमचा बँड. आम्ही गॉथिक रॉक करतो. मी गाते आणि गाणी लिहिते. दिवसा परळच्या एका ऑफिसात लोकांचे पगार काढते. गिटारवाला गिरगावचा, बापजाद्यांपासून बँकवाल्यांच्या घरातला, रेकॉर्डिंगही तोच करतो. ड्रमर लालबागचा, मालवणी, गणपतीत बँजो पार्टीत वाजवून हात तयार झालेला. तिघंच. काळे कपडे, जाड काजळ, सावकाश वाजणारं जड संगीत, आणि शब्द मरणाचे, रिकाम्या घरांचे, परत येणाऱ्या माणसांचे. आईला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते.

“म्हणजे रडगाणं,” आई म्हणाली.

“हो, तसंच समज.”

“मग त्याला एवढी गिटार कशाला लागते? आणि जयंतीला तरी पांढरं नेस गं बाई. काळ्या कपड्यात बघून लोक विचारतात, कोण गेलं म्हणून.”

अल्बमचं शेवटचं गाणं चाळीवर होतं. आम्ही चाळ सोडून नव्या टॉवरमध्ये राहायला आलो त्याच्या आदल्या महिन्यात लिहिलेलं. रिकाम्या खोलीच्या दारावर कोणीतरी थाप मारतं. बाई विचारते, “कोण आहे गं दारात?” आणि बाहेरून उत्तर येतं, “कोणी नाही, आम्हीच.” हे उत्तर पुरुषांच्या आवाजात हवं होतं, चार-पाच जणांच्या. गिटारवाल्याने कंप्युटरमधून तयार कोरस लावून दाखवला. परदेशातल्या चर्चमधला. ऐकून वाटलं, महागड्या साबणाची जाहिरात लागलीय.

“हे आमच्या दारात कशाला येतील?” मी म्हटलं. “माझ्या बाबांना आणते.”

“काका गातात?”

“काका झील धरतात.”

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “एकट्याची झील असते का कुठे?”

“कंप्युटरवर एकाचे चार करता येतात. तुम्ही चारदा गायचं, आम्ही ते एकावर एक ठेवतो.”

“अस्सं.” एवढं बोलून त्यांनी पेपरचं पान उलटलं. मला वाटलं, झालं, विषय संपला. आई आतून ओरडली, “जा हो, तेवढंच घर मोकळं होईल!” रविवारी सकाळी बघते तर बाबा पांढरा सदरा इस्त्री करत होते.

स्टुडिओ दादरला, एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर. आम्ही तिघं कावळ्यांसारखे काळे, आणि मध्ये बाबा पांढरेशुभ्र. त्यांना हेडफोन लावला, माइकसमोर उभं केलं. गाणं सुरू झालं आणि बाबा दोन पावलं मागे सरकले.

“काका, थोडं पुढे,” काचेपलीकडून गिटारवाला म्हणाला.

बाबा पुढे आले. गाणं सुरू झालं, पुन्हा मागे. असं तीन-चारदा झालं. शेवटी ते संकोचून मला म्हणाले, “अगं, माइकशी शाहीर असतो. मी त्याच्या जागी कसा उभा राहू? आणि हात कोण दाखवणार?”

घोडं इथे अडलं होतं तर. मग मी आत गेले. त्यांच्यासाठी माइक मागे सरकवला आणि त्यांच्यापुढे पाठ करून उभी राहिले. माझा आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये होताच. मी नुसते ओठ हलवायचे, हात वर केला की त्यांनी उचलायचं, खाली आणला की सोडायचं. हे त्यांना लगेच जमलं.

म्हणजे जमलं असं मला वाटलं. पाठीमागून जो “आम्हीच” आला तो नाकातून, आणि माझा हात वर गेल्यावर चांगला थांबून, उशिरा. “अजून एकदा,” गिटारवाला म्हणाला. दुसऱ्यांदा बाबा उजव्या बाजूला सरकून उभे राहिले आणि आवाज निघाला जाड, घोगरा, हात वर जायच्या आधीच घाई करून उचललेला. तिसऱ्यांदा डावीकडे, आवाज चढा, आणि सूर मध्येच तुटला, दम लागल्यासारखा.

“काकांना बरं वाटत नाहीये का?” गिटारवाल्याने मला हळूच विचारलं. “तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत गं.”

माझं टाळकंच सरकलं. बाबांवर नाही, माझ्यावर. म्हाताऱ्या माणसाला हौसेने इथे आणलं आणि परक्या पोरांसमोर त्याचं हसं केलं, असं वाटलं. आणि स्वतःचा राग आला की मी दुसऱ्यावर ओरडते, ही माझी जुनी खोड.

“बाबा, सरळ गा ना! तुमच्या आवाजात गा!”

बाबांनी हेडफोन काढला. त्यांना माझ्या ओरडण्याचं नवल वाटलेलं दिसलं.

“गातो की. आधी त्यांचं उरकून घेतलं.”

“कोणाचं?”

त्यांनी मग हाताने जागा दाखवल्या, त्या रिकाम्या खोलीत माणसं उभी असल्यासारख्या. इथे मध्यावर, बाबांच्या शेजारी, चाळीत तिसऱ्या माळ्यावरचा, नाकात गाणारा, सगळे पोचल्यावर येणारा. उजवीकडे घाईवाला. आणि डावीकडे तो, मिलमधल्या कापसाने ज्याची छाती गेली होती, त्याला सूर पुरता ओढता यायचा नाही. तिघंही आता नाहीत. तिघांनाही खांदा दिलेला माणूस आमच्यापुढे पांढऱ्या सदऱ्यात उभा होता, आणि आम्हाला वाटत होतं, त्याला बरं नाहीये.

गिटारवाल्याने तिन्ही आवाज एकत्र वाजवले. *कोणी नाही, आम्हीच.* एक आधी, एक मागाहून, एक मध्येच तुटलेला. ड्रमर कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता, त्याने दंड पुढे करून दाखवला. “बघ गो बाय, माझ्या अंगार काटो इलो.” मला तर रडूच फुटलं. काजळ गालांवर आलं. गॉथिक म्हणजे काय हे मी अख्ख्या चाळीला समजावत फिरले होते आणि ते माझ्या घरात पेपर वाचत बसलं होतं.

“आणि तुमचा?” मी विचारलं.

“अरे हो,” बाबा हसले. “राहिलाच की.”

चौथ्यांदा ते गायले. खरं सांगू? माझा विरस झाला. ना नाक, ना घाई, ना धाप. हात वर गेला की सुरू, खाली आला की बंद. सरळ रेघ. त्या तिघांच्या आवाजांना चेहरे होते, बाबांच्या आवाजाला काहीच नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले तो आवाज एवढाच, असं वाटलं आणि वाटल्याचंही वाईट वाटलं.

अल्बमवर नावं भरायची वेळ आली तेव्हा मी कोरसपुढे बाबांचं नाव टाकून त्यांना मोबाइलवर दाखवलं. मला वाटलं होतं खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि विचारलं, “बाकीचे?”

“बाबा, ते नव्हते तिथे.”

“मग कोण होतं?”

मी मोबाइल त्यांच्या हातातून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

“माझं एकट्याचं नाव आलं तर चाळीतल्या तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनीला तोंड कसं दाखवू? आता इथे खालच्याच मजल्यावर राहते ती. चौघांची टाक. माझं शेवटी.”

“शेवटी का पण?” मी चिडले. “तुम्हाला मागे उभं राहायची सवयच लागलीय!”

“हो, लागलीय,” बाबा शांतपणे म्हणाले. त्यांच्याशी भांडून कधी कोणी जिंकलेलं नाही. मी चार नावं टाकली. बाबांचं शेवटी.

अल्बम आला. आला म्हणजे मोबाइलवर दिसायला लागला, हार नाही की शाल नाही. आईने विचारलं, “दुकानात कधी येणार?” आठवड्याभरात काकी वर आल्या. काकी म्हणजे त्या नाकात गाणाऱ्यांची बायको. आईने त्यांना सांगितलं होतंच. आल्या आल्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं नाव आलंय म्हणे. कुठाय?”

मी मोबाइलवर बोट ठेवून दाखवलं. काकींनी नाव दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, “लाव.”

मी स्पीकरवर शेवटचं गाणं लावलं. माझा आवाज सुरू झाल्यावर काकींनी आईकडे बघितलं, “पोरीला काय दुखतंय का?” असं. आई म्हणाली, “असंच असतं ते. पुढे ऐका.” मग झील आली.

काकींचा हात वर गेला. “थांब. परत लाव.”

मी परत लावलं.

“हे आमचे,” काकी म्हणाल्या. “सगळे पोचले की मग हे येणार. आयुष्यभर तेच.” त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “कधी केलेलं हो हे रेकॉर्डिंग? मला बोलले नाहीत कधी.”

मी तोंड उघडलं. समोर बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मिटलं.

“जुनं आहे, वहिनी,” बाबा म्हणाले. “राहून गेलं होतं.”

काकींनी ते अजून एकदा ऐकलं. घाईवाले ओळखले, छातीवालेही ओळखले, “बिचारे,” म्हणाल्या. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून होते. मग त्यांनी विचारलं, आणि असं काही विचारताना मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं.

“माझा ऐकू आला का?”

“तुमचा कधी वेगळा ऐकू यायचा, भावोजी?” काकी सहज म्हणाल्या. “हे घरी येऊन म्हणायचे ना, तो शेजारी सरळ उभा असतो म्हणून आपण वाट्टेल तसं गातो. नाहीतर पहिल्याच ओळीला आपटलो असतो सगळे.”

बाबा उठले, म्हणाले, “मी चहा टाकतो.” आयुष्यात त्यांनी कधी चहा टाकलेला नाही. आई त्यांना अडवायला उठली नाही, आणि साखर कुठे आहे तेही कोणी सांगितलं नाही.