छत्रीचं तोंड

टीव्हीच्या कंपनीचा माणूस आमच्या छतावरची डिशची छत्री बदलायला आला. म्हणाला, "आजोबा, आता हिच्यातूनच इंटरनेट. आजवर नुसतं वरून खाली येत होतं, आता घरातलंही वर जाईल."

"माझ्या घरातलं वर कशाला? शेजाऱ्यांना कळतं तेवढं पुरे," म्हणून मी त्याला परत पाठवला.

तो गेल्यावर छतावर उभा राहिलो. गल्लीतल्या सगळ्या छत्र्या आभाळातल्या एकाच जागेकडे तोंड करून बसल्या होत्या. तिथं तर काहीच दिसत नव्हतं. यातली नुसती ऐकणारी कुठली नि सांगणारी कुठली, ओळखू येईना.

बायको वारल्यापासून संध्याकाळी टीव्ही लावून मी तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. तो माणूस येऊन गेल्यापासून मात्र हळू बोलतो. तीही मग हळूच उत्तर देते.