तपासनिसांचा शेरा

संकेतस्थळाचे नाव कानावर पडले की आमचे तपासनीस पहिला प्रश्न विचारीत, "स्वतः जाऊन पाहिलंत का?" ओझरच्या विमान कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते इंटरनेट तपासू लागले. सोसायटीच्या जिन्याखालच्या फलकावर त्यांची हाताने लिहिलेली यादी असे: छंद, शिक्षण, खरेदी, संगणक. प्रत्येक पत्त्यापुढे ‘पास’ आणि खाली सही.

परवा त्यांच्या शोकसभेत सोसायटीच्या सचिवांनी त्यांना ‘हौशी’ म्हटले. हे साफ चूक आहे. हौशी माणूस ऐकीव गोष्ट पुढे ढकलतो. तपासनीस कोणतेही स्थळ पंधरा दिवस वापरल्याशिवाय यादीत घेत नसत. भरतकाम शिकवणारे एक स्थळ पारखण्यासाठी या गृहस्थांनी रुमालावर साखळी टाका घातला होता. खरेदीच्या एका स्थळावरून मागवलेली मोजपट्टी अर्धा मिलिमीटर कमी भरली आणि ते स्थळ त्याच संध्याकाळी यादीतून गेले. अंबडच्या कारखान्यात जाणाऱ्या तळमजल्यावरच्या वहिनी हसल्या, "काका, अर्ध्या मिलिमीटरनं काय आभाळ कोसळणारे का?"

"विमान कोसळतं, वहिनी."

सचिव पुढे म्हणाले, "शेवटी शेवटी काकांची यादी भरवशाची राहिली नव्हती. सरांचाच संगणक गेला ना!" सर म्हणजे मी, निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना हलवल्या. मी तिथे गप्प बसलो, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या दिवंगत पत्नीची अखेरच्या वर्षांतली छायाचित्रे फक्त संगणकात होती. ती नीट जपून ठेवावीत म्हणून दोन वर्षांपूर्वी मी यादीतला एक पत्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला. त्यात ‘फोटो’ हा इंग्रजी शब्द एफने लिहिलेला होता. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माझ्या हाताला ते सोसवेना. कारखान्यातल्या माणसाचे इंग्रजी, असे मनाशी म्हणत मी तिथे पी-एच केले. एक सजवलेले स्थळ उघडले. त्याने सांगितले ते सारे मी केले आणि संगणकाला कुलूप बसले. एकही छायाचित्र परत मिळाले नाही.

फलकापाशी चारचौघांदेखत मी त्यांच्यावर ओरडलो, "तुमच्या ‘पास’ने माझ्या बायकोचा चेहरा नेला!" ते माझ्या घरी आले. संगणकाशेजारची माझी चिठ्ठी त्यांनी उचलली. त्यांचे बोट अक्षराअक्षरावरून सरकत गेले आणि पी-एचवर थांबले. मी ते पाहिले. मी पाहिले, हे त्यांनीही पाहिले.

"पत्ता दोन तऱ्हांनी लिहिला जात असेल, तर तपासणी माझीच कच्ची, सर." एवढे बोलून ते खाली उतरले आणि यादी काढून घेऊन गेले. ती पुन्हा फलकावर लागली नाही. मुलीला गणितासाठी एखादे चांगले स्थळ सांगा, असे कोणी म्हणाले तर उत्तर येई, "आता माझी सही चालत नाही हो." जिन्यात आम्ही समोरासमोर येत होतो. नमस्कार नेहमी त्यांचाच आधी होई.

यादी भरवशाची नव्हती, ही कथा सचिवांनी रचलेली नाही. ती प्रथम सांगणारा मी आहे, आणि ती खोटी आहे.

शोकसभेनंतर त्यांच्या मुलीने ती यादी माझ्या हाती ठेवली. "सर, बाबांनी तुमच्यासाठी जपून ठेवली होती." त्या पत्त्यातल्या एफभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते आणि समासात बारीक अक्षरांत शेरा: "फेरतपासणी केली. पास. सरांनी विचारल्यास दाखवावे."

दोन वर्षांत मी विचारले नाही.