बारीक झालो म्हणून

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आमच्या घरी हात आखडून तूप वाढणं बंद झालं. शेतात गडी आले, दारात बैलांची दमणी आली. अकोल्याच्या बाजारालाच काय, शेतावर जायचं तरी मी दमणीत बसायचो. दोन हंगामांत पोट असं सुटलं की पाटावर मांडी घालता येईना. लोक कौतुकानं म्हणायचे, "मानवलं बरं भाऊले!"

मग गुडघे सुजले. ओसरीच्या तीन पायऱ्या चढलो तरी धाप लागायची. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "रोग काही नाही. दमणी सोडा, तूप सोडा. पायी शेतात जा, लाकडं फोडा, रात्री एक भाकर अन् ताक."

तालमीत जावं, तर पोरांसमोर लंगोट बांधायची या वयात लाज वाटली. वैद्यांकडे माझ्यासोबत एकच माणूस आला होता, माझा लहानपणचा सोबती. आमची शेतं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. तो म्हणाला, "एकटा काहून जातं? मी येतो ना तुह्यासंग."

आणि तो आला. रोज पहाटे दोन कोस. सुरुवातीला मी दर बाभळीखाली बसायचो. तो थांबायचा, माझ्या पोटऱ्या चोळून द्यायचा. वर्षभरात अंगरखा अंगावर लोंबायला लागला. चालताना मी त्याला सगळं सांगायचो. माझ्या मुलीसाठी मूर्तिजापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा गुणी, घर भलं, होळीनंतर मुलाचे काका पाहायला येणार होते.

होळी झाली. कोणी आलं नाही. चैत्रात ते काका मला अकोल्याच्या बाजारात भेटले. मला पाहताच त्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"बिमारीत कायले फिरता, भाऊ?"

"कोणती बिमारी?"

"लपवू नका. तुमचा सोबतीच सांगून गेला, राजरोग हाय म्हणे, क्षय. अन् दिसूनच राहिलं ना. एवढ्या बरकतीत माणूस असा वाळते का?"

मुलाचं कुठे जमलं म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्या सोबत्याचंच घर सांगितलं.

तीन कोस न थांबता चालत परत आलो. तो अंगणात सरकी निवडत होता.

"वैद्य बोलले तवा तू संगं होता ना?" मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "राजरोग हाय असं मी नाही म्हटलं. वाळून राहिला, एवढंच म्हटलं. बाकीचं त्यायनं जोडलं."

"अन् तुह्या पोरीचं तिथंच जमवलं ते?"

"मले बी पोरगी हाय."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. पोटऱ्या चोळता चोळता कुठल्या पहाटेपासून तो माझं बारीक होणं मोजत होता, हेच मला कळेना.

घरी बायकोनं पुन्हा तूप वाढायला घेतलं. मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाबा, तुमी थोडे जाड व्हा ना." महिनाभर मी लाडू खाल्ले, दमणीतून गावभर फिरलो. एक दिवस जेवून उठताच येईना. दोघा गड्यांनी उचललं. त्या दिवशी मुलीनंच तुपाची वाटी आत नेऊन ठेवली. म्हणाली, "राहू द्या आता. मी राहीन अशीच."

दुसऱ्या पहाटे मी एकटा निघालो, दुसऱ्या वाटेनं.

दोन वर्षांनी तिचं हिवरखेडला जमलं. व्याही स्वतःच काडीसारखा. त्यानं माझ्या अंगाचं काही विचारलं नाही. त्याआधी सोबत्याच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा घरी अक्षत येऊनही मी गेलो नाही. पण त्या पोरीनं माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेली. तिच्यासाठी एक लुगडं मात्र बायकोच्या हाती पाठवलं.