चंदाचं वर्तुळ

दयाराम ठवकर या माणसाला बूड टेकवून बसणं कधी जमलंच नाही. भिलाई-३च्या रेल्वे यार्डात पस्तीस वर्षं डबे जोडले-तोडले, रिटायर होऊनही पायाची भिंगरी थांबली नव्हती. बायको वंदना म्हणायची, हा माणूस जेवतानाही ड्युटीवर असतो. त्या दिवशी डॉक्टर चारुलताबाईंच्या समोर मात्र तो खुर्चीला चिकटून नुसता पाय हलवत होता.

कारण यामिनी, धाकटी लेक. पोलीस भरतीसाठी रोज धावायची आणि पंधरा दिवसांत दोनदा धावता धावता कोसळली. एका डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. सोमवारी दौडीची परीक्षा होती.

चारुलताबाई दुर्गच्या, तीन पिढ्या तिथंच मुरलेल्या. सोयरीक जुळवायला बसल्यासारख्या आधी घराणं विचारायच्या आणि कागदावर मांडायच्या. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. यामिनीचा ईसीजी त्यांनी दोनदा पाहिला होता.

"काठावरचा आहे. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही भावंडं किती?"

"दोघं. मी अन् विष्णु."

"बहीण?"

"नाई."

"घराण्यात कोणी तरुण माणूस अचानक गेलं? धावताना, पोहताना?"

पोहताना म्हटल्याबरोबर दयारामचा पाय थांबला. "पाणी पिऊन येतो," म्हणत तो उठलाच.

बहीण होती. चंदा, सतरा वर्षांची. कुरुद गावचा तलाव आरपार पोहून जायची, पोरं काठावर बघत राहायची. एका सकाळी ती कुणा पोराशी बोलताना दिसली म्हणून दयारामनं तिला चारचौघांत थोबाडीत मारली. दुपारी ती तलावावर गेली आणि परत आली नाही. इतकी पोहणारी पोरगी बुडेल कशी? जीव दिला, दुसरं काय! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून घरानं ओठ शिवले. पितृपक्षात तिच्या नावाचं पान वाढलं नाही. दयारामच्या लग्नाच्या बोलणीत बहीण नव्हतीच. वंदनाला अजून ठाऊक नव्हतं.

बाहेर बाकावर यामिनी बुटांच्या नाड्या आवळत होती.

"बाबा, जल्दी करा ना! मले ग्राउंडवर जायचं हाय. सोमवार सिर पे हाय."

आता बोललं तर चाळीस वर्षांची अब्रू जाते, संसारातलं खोटं उघडं पडतं. नाही बोललं तर ही पोरगी अशीच पळत जाणार. दयाराम दारापर्यंत गेला, फिरला, पुन्हा गेला, आणि आत शिरून उभ्यानंच म्हणाला, "म्याडम, एक बहीण होती. मी मारलं तिले, म्हून तिनं जीव देला."

चारुलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दयारामच्या चौकोनाशेजारी वर्तुळ काढलं, त्यावर फुली मारली, बाजूला सतरा लिहिलं.

"काही घराण्यांत हृदयाच्या ठोक्यांत उपजत दोष असतो. धावताना, पोहताना ठोका चुकतो. चांगला पोहणारासुद्धा हूं की चूं न करता बुडतो. चंदाताईंचं तसंच झालं, हे आज कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण यामिनीला आता एक पाऊलही धावू देऊ नका."

यामिनी रडली, भांडली, सोमवारी घरातच कोंडल्यासारखी बसली. चंदाचं कळल्यावर वंदना चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. रायपूरच्या तपासण्यांत तोच दोष निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दयारामचाही ईसीजी तसाच निघाला, पण त्याला स्वतःचं काही सुचत नव्हतं. तो मरोद्याला विष्णुकडे गेला. त्यांची म्हातारी आई, तुळसाबाई, तिथंच राहायची.

"माय, चंदानं जीव नसंल देला. डॉक्टरीण म्हणते, तिच्या दिलातच खराबी असंल."

तुळसाबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "जाताना म्हणे, माय, येतेच मी, भात गरम ठेव. जीव द्याले जाणारी पोरगी भात गरम ठेव म्हणते का रे?"

"मंग तू बोलली कावून नाई?"

"तूच आधी येऊन सांगतलं ना, तिनं जीव देला म्हून. मंग मले कोणी विचारलंच नाई."